हे वाक्य माझं नाही

नुरहान तोकग्योझला मी रागावलेली खूप वेळा पाहिली, पण ओरडताना एकदाही नाही. ओरडायचं खातं आमच्या कचेरीत माझ्याकडे होतं. मी तहसीन. 'चौथा जीव' या मासिकाची पानं लावायचो. मासिक व्हिडिओ गेमचं. गेममध्ये तीन जीव मिळतात, ते संपले की चौथा आम्ही देतो, अशी त्या नावामागची फुशारकी. कादिक्योयच्या एका गल्लीत, दाताच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. वर बंदुका चालायच्या, खाली ड्रिल चालायचं. किंचाळी ऐकू आली तर ती आमच्या संगणकातली की खालच्या खुर्चीतली, हे ओळखायला नवीन माणसाला आठवडा लागायचा.

नुरहान आब्ला, म्हणजे आमची ताई, मूळची एस्कीशेहिरची, गणिताची मास्तरीण. भावाचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे संध्याकाळी बसता बसता तिला गेमचा नाद लागला आणि तिशीत ती शाळा सोडून आमच्याकडे आली. करडं स्वेटर, दोरीला अडकवलेला चष्मा, पायात घरातली चप्पल. तिला भेटायला वाचक यायचे ते कुणीतरी केस रंगवलेला पोरगा असेल अशा समजुतीने, आणि तिलाच विचारायचे, "काकू, नुरहान आत आहे का?"

तिचे दोन हट्ट होते. वितरक, म्हणजे बाहेरचे गेम देशात आणून विकणारी कंपनी, आम्हाला परीक्षणासाठी आगाऊ सीडी पाठवायची. सोबत टोपी, मग, जाकीट. नुरहान त्या सीडीला हात लावायची नाही. पसाजमध्ये, म्हणजे छताखालच्या दुकानांच्या बोळात, कार्निक उस्ताचं दुकान होतं, तिथून स्वतःच्या पैशाने खोका विकत घ्यायची. "वाचक जो घेणार तोच मी घेणार. नवरीला सजवून दाखवतात, संसार सजवून होत नाही," असं म्हणायची. टोप्या आणि मग ती खाली डॉक्टरच्या बाकावर ठेवून यायची. सुजलेल्या गालांची माणसं ड्रॅगनची टोपी घालून घरी जायची.

दुसरा हट्ट, गेम शेवटपर्यंत खेळल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत. महिना लागला तर लागला. तिच्या प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी दोन छोटी वाक्यं असायची. दुकानातून घेतला. शेवटपर्यंत खेळले. वर्षानुवर्षं तीच. वाचक म्हणे मासिक उघडून आधी तळ बघायचे, मग वरचं वाचायचे.

मालक रऊफ बे. बे म्हणजे आमच्याकडे साहेब, आणि बाईला हानिम. उंटाच्या रंगाचा कोट, हातात दोन फोन. माणूस कंजूस नव्हता, वाईटही नव्हता असं लोक सांगतात. मी नाही सांगणार. त्याने नुरहानला मासिकाची जबाबदार संपादक केलं होतं. पहिल्या पानावर खाली तिचं नाव छापून यायचं. मान म्हणून नव्हे. आमच्याकडे कायदा असा की छापील मजकुरावरून काही लफडं झालं, तर कोर्टात त्या नावाच्या माणसाने उभं राहायचं. म्हणजे कोर्टाची पायरी तिने चढायची आणि गाडीच्या मागच्या सीटवर त्याने बसायचं. त्या पदापायी छापखान्यात जाणाऱ्या प्रत्येक पानाच्या प्रुफावर तिची सही लागायची. तीही बिचारी शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत वाचून सही करायची, आणि रऊफ बे एकही प्रूफ न बघता जेवायला जायचा.

तर एका सकाळी जिना चढून एक म्हातारा आला. उंच, पाठ ताठ, डोक्यावर नाविकाची टोपी. धाप लागली होती, पण बसा म्हटलं तरी बसेना.

"नुरहान कोण?"

"मी. या ना."

त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हातातला खोका टेबलावर आपटला. 'लोखंडी दर्या' नावाचा गेम, जहाजांच्या लढायांचा. त्या हंगामात सगळ्या बसथांब्यांवर त्याचीच जाहिरात होती.

"मुली, मी हुस्नू कॅप्टन. चाळीस वर्षं या शहराची फेरीबोट चालवली. एकाही प्रवाशाला पाण्यात पडू दिलं नाही. बायको गेल्यापासून संध्याकाळी हा एक नाद आहे. वर्षाला एक गेम घेतो, आणि तोही तू घे म्हणालीस तरच घेतो. आता तूच मला बुडवायला निघालीस?"

"काय झालं, कॅप्टन?"

"नववी मोहीम! अख्खा काफिला बंदरात आणला. सेव्ह केलं. चहाचं आधण ठेवायला उठलो, परत येतो तर सगळं साफ. पुन्हा पहिल्या मोहिमेपासून! म्हटलं, माझंच बोट कुठेतरी चुकलं असेल, म्हातारा झालोय. परत सगळं खेळलो. परत नववी मोहीम, परत साफ! आणि तू म्हणतेस डोळे झाकून घ्या?"

"मी असं कधी म्हणाले?"

"मग हे कोण म्हणालं? तुझं भूत?"

त्याने खोका उलटा केला. मागे, चित्रांच्या खाली, पिवळ्या पट्टीत छापलं होतं: 'वर्षातला सर्वोत्तम सागरी खेळ. डोळे झाकून घ्या! १०० पैकी ९४. नुरहान तोकग्योझ, चौथा जीव.'

मी नुरहानकडे पाहिलं. ती त्या पट्टीकडे बघत होती. मग तिने टेबलाखालून कार्निक उस्ताच्या दुकानाची कागदी पिशवी काढली. आत तोच खोका होता, वरचं प्लास्टिकही न फाडलेला. आधीचा गेम संपला नव्हता म्हणून तो तसाच पडून होता. तिने तो उलटा केला. तीच पट्टी, तेच नाव.

"कॅप्टन," ती म्हणाली, "मी हा गेम अजून उघडलेलासुद्धा नाही."

म्हातारा आता मात्र बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग जे बोलला ते शिवीपेक्षा वाईट होतं.

"म्हणजे तूही त्यांच्यातलीच निघालीस म्हणून मी आठवडाभर तुला शिव्या घालत होतो, मुली. माझ्यावरचा तुझा हक्क सोड, माफ कर मला."

तिने त्याला चहा पाजला, हक्क सोडला म्हणाली आणि जिन्यापर्यंत पोचवून आली. परत आल्यावर चष्मा पुसत बसली. वितरकाशी सगळे व्यवहार रऊफ बेच करायचा, त्यामुळे मी एव्हाना त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झालो होतो. ती म्हणाली, "तहसीन, ओरडू नकोस. आधी खेळू दे."

मला त्या क्षणी तिचाही राग आला. घराला आग लागलीय आणि ही बाई म्हणते, आधी नकाशा बघू. पण ती तशीच होती. तिने प्लास्टिक फाडलं आणि खेळायला बसली, रोज, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. नववी मोहीम झाली आणि सगळं साफ झालं. मग तिने आयुष्यात पहिल्यांदा वितरकाची आगाऊ सीडी ड्रॉवरमधून काढली. त्या सीडीवर नववी मोहीम नीट पार पडली. ती सीडी परदेशी मूळ गेमची होती. दुकानातल्या खोक्यात घाईघाईने आपल्या भाषेतले आवाज भरलेले होते, आणि त्या घाईत गेम मोडला होता. म्हणजे आगाऊ सीडीवर खेळणाऱ्या कुठल्याही परीक्षकाला हे कधीच दिसलं नसतं. दिसायची वेळ फक्त पैसे मोजणाऱ्यावर होती.

तिने परीक्षण लिहिलं. एकतीस गुण. खाली तीच दोन वाक्यं, फक्त दुसऱ्यात बदल: शेवटपर्यंत खेळता येत नाही.

मग ती रऊफ बेच्या खोलीत गेली आणि मी पानांचा गठ्ठा घेऊन मागोमाग शिरलो. मला कुणी बोलावलं नव्हतं.

"रऊफ बे, खोक्यावरचं वाक्य कुणी दिलं?"

"कोणतं? हां, ते!" त्याने एक फोन खाली ठेवला. "बस ना, नुरहान हानिम. चहा सांगू? अगं, खोका छापायला त्यांना दोन महिने आधी आकडा लागतो. तू गेम संपवेपर्यंत काय, खोक्याची पाठ कोरी ठेवायची?"

"कोरी ठेवायची."

"हे बघ, सगळीकडे असंच चालतं. बाहेरच्या देशांतसुद्धा. लिरा कोसळलाय, कागदाचे भाव बघतेस ना? अर्धी मासिकं बंद पडली. त्यांनी आपल्याला वर्षभर मागच्या कव्हरची जाहिरात दिलीय. त्यावर तुझा पगार निघतो, याचा निघतो." माझ्याकडे बोट. "ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. यात पाप काय?"

"तुम्ही वाजवा की टाळी. माझे हात कशाला धरता?"

"आकडा तू दिलास काय नि मी दिला काय, मासिकाचाच."

"आकडा मासिकाचा असेल. नाव माझ्या आजोबांचं आहे."

तो हसला. त्या हसण्यावर मला अजून राग येतो. तोकग्योझ म्हणजे ज्याची नजर भरलेली आहे असा, हावरा नसलेला. सगळ्यांनी आडनावं घ्यावीत असा कायदा आला तेव्हा तिच्या आजोबांनी ते विचार करून निवडलं होतं. रऊफ बेला ते माहीत होतं. म्हणून तर त्याने तिचं नाव वापरलं, स्वतःचं नाही. स्वतःच्या नावाला बाजारात काय भाव आहे ते तोही ओळखून होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

"बरं, रागावू नकोस," तो म्हणाला. "तुझं परीक्षण हवं तसं लिही. एकतीस दे, एक दे. एक अक्षर कापणार नाही, माझा शब्द! कोण म्हणतं इथे स्वातंत्र्य नाही?"

आणि त्याने शब्द पाळला. एक अक्षर कापलं नाही. फक्त मला पानांचा आराखडा पाठवला: डावीकडे नुरहानचं परीक्षण, बारीक टायपात. उजवीकडे 'लोखंडी दर्या'ची पानभर जाहिरात, पेटलेलं जहाज, आणि त्यावर हाताएवढ्या अक्षरांत 'डोळे झाकून घ्या! नुरहान तोकग्योझ.' मी तो कागद घेऊन त्याच्याकडे गेलो.

"हे काय आहे, रऊफ बे?"

"का? डावीकडे तिचं स्वातंत्र्य, उजवीकडे माझं बिल. शेजारी शेजारी सुखाने नांदू देत की!"

मी त्याला काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. खालच्या डॉक्टरने ड्रिल थांबवलं होतं, एवढं सांगतो. पण माझ्या ओरडण्याने त्याच्या कोटाची घडीही मोडली नाही. आमच्या बाहेरच्या खोलीत आणखी तीन लिहिणारे होते. तिघेही पडद्याकडे बघत राहिले. त्यातला एक तिला हळूच म्हणाला, "आब्ला, एका वाक्यासाठी एवढं? लोकांना कळतं गं, जाहिरात ती जाहिरात."

"हुस्नू कॅप्टनला कळलं नाही," ती म्हणाली.

"तो म्हातारा आहे."

"तो वाचक आहे."

तो परत पडद्याकडे वळला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची सवय झाली की माणसं त्यालाच समजूतदारपणा म्हणतात.

छापखाना तोपकापीला होता. प्रुफांच्या दिवशी नुरहान आणि मी मिनिबसने गेलो, नेहमीसारखे. वाटेत तिने सिमित, म्हणजे तीळ लावलेला कड्यासारखा पाव, घेतला आणि अर्धा मला दिला. छापखान्यात झेकी उस्ता छपाईसाठी पानांच्या फिल्म जोडायचा. तिथला कायदा सगळ्या शहराला माहीत होता: सही झालेलं प्रूफ म्हणजे देवाची आज्ञा. त्यावर लाल शाईत जे लिहिलंय ते करायचं, जे लिहिलं नाही ते करायचं नाही, आणि का म्हणून विचारायचं नाही. एकदा एका प्रुफावर कुणीतरी चहाच्या डागाभोवती लाल गोल काढून खाली सही केली होती, तर झेकी उस्ताने पानात गोल छापला होता.

नुरहान एकेक पान वाचत गेली. सही, सही, सही. मग ते जोडपान आलं. डावीकडचं तिने वाचलं आणि सही केली. उजवीकडचं जहाज समोर ओढलं. मग पिशवीतून लाल पेन काढलं आणि त्या हाताएवढ्या अक्षरांच्या खाली, आगीच्या ज्वाळांवर, शाळेच्या फळ्यावर लिहावं तशा सुबक अक्षरांत लिहिलं:

'हे वाक्य माझं नाही.'

खाली पूर्ण नाव, तारीख, सही.

झेकी उस्ताने प्रूफ हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला. "नुरहान हानिम, हे टाइप करून घ्यायचं की तुमच्याच अक्षरात?"

"माझ्याच अक्षरात, उस्ता. फोटो घ्या."

"जाहिरातीवर?"

"जबाबदार संपादक कोण आहे?"

"तुम्ही."

"मग?"

झेकी उस्ताने तरी माणुसकी म्हणून रऊफ बेला फोन लावला. मी शेजारीच उभा होतो. पलीकडून काटे-चमच्यांचा आवाज येत होता. वितरकाच्या लोकांबरोबर तो मासे खायला बसला होता. "पानांत थोडा बदल आहे, बे," एवढं उस्ता म्हणाला असेल नसेल, तोवर पलीकडून उत्तर आलं, "नुरहानची सही आहे ना? मग विचारतोस काय? छाप!"

तिच्या नावावर डोळे झाकून विश्वास टाकणाऱ्यांत तोही एक होता. तेवढ्या एका गोष्टीवर मी मनापासून हसलो.

अंक बाहेर पडला. दोन दिवसांत कार्निक उस्ताने ते पान दुकानाच्या काचेवर आतून चिकटवलं. लोक खोके परत करायला आले, त्याने एकेक मुकाट्याने घेतला आणि वितरकाच्या दारात नेऊन टाकला. हुस्नू कॅप्टन पुन्हा जिना चढून आला, या वेळी अंजिराचा डबा घेऊन. नुरहानला म्हणाला, "मुली, बुडणाऱ्या जहाजावरून भोंगा वाजवायला छाती लागते." ती म्हणाली, "कॅप्टन, जहाजावर बाकीचेही आहेत हो." आणि तिचा चेहरा उतरला. कारण ते खरं होतं.

वितरकाने जाहिराती काढल्या. त्याचं बघून दुसऱ्यानेही काढल्या. रऊफ बे कचेरीभर हिंडत होता, "विश्वासघात! मीठ खाल्लं माझं!" चोराच्या उलट्या बोंबा. वकिलाकडे गेला. वकिलाने कागद बघून विचारलं म्हणे, "यांना जबाबदार संपादक कुणी केलं?" तिथेच खटला संपला. पण मासिकही संपलं. वसंत येईपर्यंत दोन्ही खोल्यांत डॉक्टरने दुसरी खुर्ची टाकली.

शेवटच्या दिवशी त्या तिघांपैकी एकानेही तिला निरोप दिला नाही. एक तर जिन्यात मला ऐकू जाईल असं म्हणाला, "स्वतःचं नाव धुतलं, आमची चूल विझवली." मीही बेकार झालो होतो, माझ्याही घरी खाणारी तोंडं होती. पण मला विचारायचंय, चूल विझवली कुणी? जिने खरं सांगितलं तिने, की ज्याने खोट्याच्या सरपणावर चूल मांडली त्याने? सगळं जग हा प्रश्न उलटा विचारतं आणि वर शहाणपणाचा आव आणतं. मला त्या शहाणपणाची शिसारी आहे.

आणि एवढं होऊनही ते वाक्य मेलं नाही. पुढच्या वर्षी 'लोखंडी दर्या' दुरुस्त होऊन नव्या खोक्यात आला, सोनेरी आवृत्ती म्हणून. मागे पिवळी पट्टी, डोळे झाकून घ्या, नुरहान तोकग्योझ! तिने नोटीस पाठवली. उत्तर आलं की छापलेले खोके संपेपर्यंत इलाज नाही. मग कंपनीने पाटी बदलली, मालक तेच राहिले, आणि पुढच्या नोटिसा या पत्त्यावर कुणी राहत नाही म्हणून परत आल्या.

नुरहान आता मुलांना घरी गणित शिकवते. गेम खेळते, पण लिहीत नाही. मी विचारलं होतं एकदा, इंटरनेटवर तरी लिही, तिथे कुणी मालक नाही. ती म्हणाली, "तिथे तर दुकानदारच चहा पाजून लिहून घेतो, तहसीन, आणि लिहिणारा वर चहाबद्दल धन्यवादही लिहितो."

गेल्या मंगळवारी बाजारात मी तिच्या पिशव्या उचलायला सोबत गेलो होतो. वांगी झाली, चीज झालं. शेवटच्या रांगेत जुनं सामान विकणारे बसतात. एका चादरीवर जुने रिमोट, वायरींची गुंतवळ आणि गेमच्या खोक्यांचा ढीग होता. ती वाकली. ढिगातून तिने एक खोका ओढून काढला. रंग उडालेला होता, पण जहाज अजून पेटलेलंच होतं. तिने तो उलटा केला. पिशवीतून काळं जाड पेन काढलं, आणि तिथेच उभी राहून पिवळ्या पट्टीतलं आपलं नाव खोडलं. घाई न करता, एकेक अक्षर. तेव्हा मला कळलं की ते पेन तिच्या पिशवीत नेहमीच असतं.

विकणारा तरुण उठून उभा राहिला. "अहो हानिम! काय करताय? माल खराब केलात माझा!"

"खराब त्यांनी केला होता, लेकरा," ती म्हणाली. "मी दुरुस्त केला."

खोका तिने जागेवर ठेवला, आणि ढिगातला दुसरा उलटून बघू लागली.